वकील मोठ्यानं बोलत नाही म्हणून बदलावा का?

केज तालुक्यातल्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बांधाच्या भांडणातून त्यांच्या धाकट्या भावावर खुनाच्या प्रयत्नाचा खटला चालू आहे आणि सेशन कोर्टात साक्षी सुरू झाल्यात. सरकारी वकील उभे राहिले की सगळं कोर्ट दणाणतं. यांचे वकील मात्र हळू आवाजात दहा-बारा प्रश्न विचारतात आणि खाली बसतात. गावात चर्चा आहे की वकील फुटला. त्यांनी विचारलंय, ‘वकील बदलू का? आणि साक्षीदाराला शब्दांत पकडतात म्हणतात, ते नेमकं कसं असतं?’

दादा, मी मराठवाड्यातल्या कोर्टांत बरीच वर्षं फौजदारी बाजू करतो. बहुतेक काम आरोपींच्या वतीनं, मधला काही काळ सरकारी पक्षाकडूनही. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे वकील बदला किंवा ठेवा असं सांगणार नाही. पण तुमच्या प्रश्नात एक गैरसमज आहे आणि तो आधी काढायला हवा. वकिलाचं भाषण ऐकून कोर्टाचं मन पालटतं, असं तुम्ही धरून चालला आहात. आपल्याकडे तसं होत नाही, आणि त्याला कारण आहे.

पूर्वी आपल्या देशात काही ठिकाणी ज्युरी होती. साधी माणसं बसायची, दोन्ही वकिलांचं ऐकायची आणि दोषी की निर्दोष ते सांगायची. मुंबईतल्या 1959 च्या नानावटी खटल्यात ज्युरीनं 8 विरुद्ध 1 मतानं नौदलाच्या अधिकाऱ्याला निर्दोष ठरवलं. सेशन जज्जांना ते पटलं नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथं जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. आता निर्णय एकटे न्यायाधीश देतात, आणि त्यांना प्रत्येक निष्कर्षाचं कारण लिहावं लागतं. ते निकाल लिहायला बसतात तेव्हा कोणाचा आवाज कसा होता हे समोर नसतं. समोर असतात साक्षीचे टाइप केलेले कागद. उद्या शिक्षा झाली आणि तुम्ही औरंगाबाद खंडपीठात अपील केलं, तर तिथल्या न्यायमूर्तींनी तुमचा साक्षीदार कधी पाहिलेलाही नसेल. त्यांच्यासमोरही तेच कागद असतील.

म्हणून फौजदारी खटल्यात वकिलाच्या भाषेची ताकद बघायची असेल तर ती साक्षीच्या कागदावर बघायची. हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं सोपं जाईल.

साक्ष कागदावर कशी उतरते ते सांगतो. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो आणि न्यायाधीश ते वाक्य टाइप करणाऱ्याला सांगतात. बहुतेक वेळा प्रश्न वेगळा लिहिला जात नाही. प्रश्न आणि उत्तर मिळून साक्षीदाराचं एक वाक्य तयार होतं. आता समजा, वकील टेबलावर हात आपटून म्हणाला, ‘तू धादांत खोटं बोलतोयस, तू तिथं नव्हतासच!’ साक्षीदार म्हणाला, ‘नाही साहेब, होतो.’ कागदावर उतरेल: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी हजर नव्हतो व खोटी साक्ष देत आहे.’ बघणाऱ्यांना वाटतं, वकिलानं झोडपलं. प्रत्यक्षात आरोपीच्या पदरात काहीच पडलं नाही. प्रत्येक उलटतपासणीच्या, म्हणजे समोरच्या बाजूच्या वकिलानं विचारलेल्या प्रश्नांच्या, शेवटी अशी दोन-चार वाक्यं असतातच. आपला बचाव साक्षीदारापुढं ठेवला हे दिसावं म्हणून ती लागतात, पण नुसत्या त्यांच्यावर कोणी सुटत नाही.

आता दुसरी पद्धत बघा. समजा साक्षीदार शेजारचा शेतकरी आहे आणि सरतपासणीत, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलानं विचारल्यावर, त्यानं सांगितलंय की आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, बसलेलो असताना आरोपीनं कुऱ्हाड मारलेली मी पाहिली. दिवस कार्तिकातले. वकील विचारतो, ‘मामा, तुमच्या आखाड्यापुढं औंदा ऊस होता ना?’ होय. ‘तोडणी झाली नव्हती अजून?’ नाही, उभा होता. ‘माणसाच्या डोक्याच्या वर गेला होता?’ होय, गेला होता. ‘आखाडा आणि भांडण झालं तो बांध, याच्यामधे हाच फड?’ होय. वकील म्हणतो, ‘बस साहेब, झालं,’ आणि बसतो. कागदावर चार वाक्यं उतरतात, चारही ‘हे खरे आहे की’ नं सुरू होणारी. पोलिसांनी घटनास्थळ पंचनाम्यात चतुःसीमा लिहिताना एका बाजूला उभा ऊस दाखवला असेल तर साक्षीदाराला ते फिरवताही येत नाही.

गॅलरीतल्या नातलगांची इथं घालमेल होते. पुढचा प्रश्न का विचारला नाही? ‘मग तुला दिसलं कसं?’ एवढं विचारलं असतं तर साक्षीदार तोंडावर पडला असता! नसता पडला. तो म्हणाला असता, ‘ओरडा ऐकला म्हणून पळत बांधावर गेलो, तिथून बघितलं.’ म्हणजे चार प्रश्नांत मिळवलेलं पाचव्या प्रश्नात परत गेलं असतं, आणि तेही वकिलानं स्वतः विचारून. दिसणं शक्य नव्हतं हा निष्कर्ष साक्षीदाराकडून वदवून घ्यायचा नसतो. तो युक्तिवादात न्यायाधीशांपुढं मांडायचा असतो. सरकारी वकील फेरतपासणीत, म्हणजे उलटतपासणीनंतर पुन्हा प्रश्न विचारून, ही फट बुजवायला बघू शकतात. पण ती मोठ्यानं दाखवली नसेल तर त्यांच्या लक्षात येतेच असं नाही. तुमचे वकील हळू बोलतात, लवकर बसतात, त्याचं कारण हे असू शकतं. असेलच असं मी म्हणत नाही.

प्रश्नातला शब्द साक्षीदाराच्या आठवणीवरही परिणाम करतो. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका सहकाऱ्याबरोबर 1974 मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. 150 जणांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, ‘जोरात आदळल्या’ तेव्हा किती होता. आठवड्यानं विचारलं की फुटलेली काच दिसली का. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी काच पाहिल्याचं सांगितलं. ‘लागल्या’ ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांनी. एका क्रियापदानं एवढा फरक पडतो.

आपल्या कोर्टात हे रोज घडतं. सरकारी वकील ‘हल्ला’ म्हणतात, बचावाचा वकील ‘झटापट’ म्हणतो. एकजण ‘कुऱ्हाडीनं वार केला’ म्हणतो, दुसरा विचारतो, ‘कुऱ्हाडीचा तुंबा लागला की पातं?’ तुंबा म्हणजे पात्यामागची बोथट बाजू. तुमच्या भावाच्या प्रकरणात हा प्रश्न शिक्षेची वर्षं ठरवू शकतो. खुनाचा प्रयत्न, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेतलं कलम 307 आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतलं 109, सिद्ध करायचं तर मारण्याचा हेतू किंवा तशी जाणीव दाखवावी लागते. हत्यार कसं धरलं, कुठं मारलं, किती वेळा मारलं यावरून ती दिसते. पात्यानं डोक्यात मारणं आणि तुंब्यानं खांद्यावर मारणं यात कायद्याच्या दृष्टीनं फार अंतर आहे. म्हणून डॉक्टरांच्या उलटतपासणीत तुमचे वकील काय विचारतात ते ऐका. जखम कापल्याची आहे की चेंगरल्याची, हाडापर्यंत गेली का, जिवाला धोका होता असं दाखल्यात लिहिलंय का. तो साक्षीदार कंटाळवाणा वाटतो आणि लोक चहाला उठून जातात, पण माझ्या अनुभवात निम्मा खटला तिथं ठरतो.

सूचक प्रश्न, म्हणजे ज्याच्या पोटातच उत्तर आहे असा प्रश्न, उलटतपासणीत चालतो. आपल्याच साक्षीदाराच्या सरतपासणीत वादाच्या मुद्द्यावर तो विचारता येत नाही. सरकारी वकिलानं विचारलं, ‘मग आरोपीनं कुऱ्हाड उगारली का?’ तर तुमच्या वकिलानं तिथल्या तिथं उठून हरकत घ्यायला हवी. त्यांना फक्त ‘मग काय झालं?’ एवढंच विचारता येतं, आणि कुऱ्हाड साक्षीदाराच्या तोंडून आपोआप यावी लागते. तुमचे वकील ‘सूचक आहे साहेब’ एवढे दोन शब्द बोलून बसत असतील तर त्या दोन शब्दांची किंमत कमी समजू नका.

साक्षीदाराशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पोलिसांच्या जबाबातली मराठी तुम्ही पाहिली असेल. ‘सदर इसमाने जिवे ठार मारण्याचे उद्देशाने त्याचे हातातील कुऱ्हाडीने वार करून गंभीर जखमी केले.’ आता आपल्या शिवारात असं कोण बोलतं? पाच साक्षीदारांच्या पाच जबाबांत हेच वाक्य काना-मात्रेसकट सारखं सापडतं. चांगला वकील त्यातल्या प्रत्येकाला शांतपणे त्याच्याच बोलीत विचारतो. ‘मामा, तुम्ही पोलिसाला काय सांगितलं, तुमच्या शब्दात सांगा.’ मग मामा सांगतात, ‘म्या म्हणलं, लय गलका झाला, मी गेलो तं हा रगतानं भरला व्हता.’ म्हणजे मामांनी मारताना बघितलंच नाही, नंतरचं बघितलं. पण हा प्रश्न मोकळा आहे, आणि उलटतपासणीत मोकळा प्रश्न विचारणं धोक्याचं असतं. साक्षीदार काय माणूस आहे याचा अंदाज आला असेल तरच विचारायचा. ती पारख पुस्तकातून येत नाही, तारखांना बसून बसून येते.

अंतराचंही तसंच. ‘अंदाजे किती मीटर?’ असं विचारलं की शेतकरी साक्षीदार तोंडाला येईल तो आकडा सांगतो. कोणी 50 म्हणतो, कोणी 200, आणि दोघंही खरे असतात. ‘तिथून हाक मारली तर ऐकू येते का? चेहरा ओळखू येतो का?’ असं विचारलं की तो नीट विचार करतो. वेळेचंही तेच. ‘19:30 वाजता’ हे ठाणे अंमलदाराचं, साक्षीदाराचं ‘कडुसं पडलं व्हतं’, म्हणजे अंधारून आलं होतं, असं असतं. म्हाताऱ्या बाईला ‘मावशी’ म्हणून, तिला पाणी पाजून, धीर देऊन विचारलं तर ती खरं सांगते. तिच्यावर ओरडलं तर ती गप्प होते, रडते, आणि न्यायाधीशांची सहानुभूती तिच्या बाजूला जाते. साक्षीदारावर धावून जाणाऱ्या वकिलानं असा किती वेळा स्वतःच्या पक्षकाराचा घात केलेला मी पाहिलाय! शिवाय अपमान करण्यासाठी किंवा नुसता त्रास देण्यासाठी विचारलेले प्रश्न थांबवायचा अधिकार कायद्यानं न्यायाधीशांना दिलेला आहे. लैंगिक गुन्ह्यात पीडितेच्या चारित्र्यावर प्रश्न विचारता येत नाहीत. पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, खटल्यात तर लहान मुलाला वकील थेट प्रश्नच विचारत नाही, तो न्यायाधीशांमार्फत जातो. हे बंधन मला मनापासून योग्य वाटतं. आरोपीची बाजू लढवताना लेकराला फोडून काढायची गरज कधीच नसते.

आता ‘शब्दांत पकडणं’. त्यात जादू नाही, ते कागदाचं काम आहे. साक्षीदारानं कोर्टात सांगितलं, पण पोलिस जबाबात नाही, अशी गोष्ट वकील शोधतो. समजा कोर्टात म्हणाला, आरोपीनं ‘आज याला सोडत नाही’ अशी धमकी दिली. जबाबात ती नाही. मग कागदावर येतं: ‘आरोपीने धमकी दिल्याचे मी पोलिसांना सांगितले होते. ते माझ्या जबाबात का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.’ पण काम इथं संपत नाही. पुढं तपास अधिकारी साक्षीला येतो तेव्हा त्याला विचारून सिद्ध करावं लागतं की साक्षीदारानं खरोखर असं सांगितलं नव्हतं. हा दुसरा टप्पा राहिला तर पहिला वाया जातो. आणि सगळ्या विसंगती कामाच्या नसतात. शर्टाचा रंग, तंतोतंत वेळ, कोण आधी धावलं, असल्या किरकोळ फरकांनी कोर्ट साक्षीदाराला खोटं धरत नाही. उलट सगळेच जण पाठ केल्यासारखं बोलायला लागले तर शंका येते.

एक धोका सांगतो, कारण बांधाच्या भांडणात तो नेहमी समोर येतो. वकील उलटतपासणीत साक्षीदाराला जे सुचवतो ते आरोपीच्या अंगाशी येऊ शकतं. 2023 मध्ये बाळू सुदाम खळदे प्रकरणात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हटलंय की बचावाच्या वकिलानं साक्षीदाराला केलेली सूचना आरोपीला गुंतवणारी असेल तर ती आरोपीला बांधील ठरते. तुमच्या भावाचं म्हणणं ‘मी तिथं नव्हतोच’ असं असेल, आणि वकिलानं विचारलं, ‘तूच आधी काठी उगारलीस म्हणून आरोपीला स्वतःला वाचवावं लागलं, खरं ना?’ तर भाऊ तिथं होता हे तुमच्याच वकिलानं मान्य केलं. म्हणून बचावाची दिशा पहिल्या साक्षीदाराच्या आधी ठरलेली हवी, आणि ती भावाशी बोलून ठरलेली हवी. ती ठरली आहे का, हे तुम्ही हक्कानं विचारा.

शेवटच्या युक्तिवादाला काही किंमतच नाही, असं मी म्हणत नाही. त्याची ताकद मांडणीत असते. न्यायाधीशांच्या बोर्डावर त्या दिवशी पन्नास प्रकरणं असतात. ‘निशाणी 21, परिच्छेद 4 बघावा, मग निशाणी 30 चा पंचनामा’ असं नेमकं बोट ठेवून बोलणारा वकील त्यांच्या निकालाचं काम सोपं करतो. निशाणी म्हणजे कागदाला कोर्टानं दिलेला क्रमांक. लेखी युक्तिवादही देता येतो, आणि तो द्यावा. आपल्या भागाशी जोडलेलं एक प्रकरण प्रत्येक फौजदारी वकिलाला पाठ असतं: सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सुप्रीम कोर्ट, 1984. पुण्यात सासरी मरण पावलेल्या तरुणीनं आपल्या बीडमधल्या बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं त्यात पुराव्यात होती. तीच पत्रं दोन बाजूंनी दोन तऱ्हांनी वाचली गेली. सरकार पक्षाला त्यांत छळ आणि जिवाची भीती दिसली, बचावाला आत्महत्येकडे झुकलेलं हळवं मन. खालच्या कोर्टानं दिलेली आणि हायकोर्टानं कायम केलेली फाशी सुप्रीम कोर्टानं रद्द करून आरोपीला सोडलं, आणि परिस्थितिजन्य पुराव्यासाठी, म्हणजे घटना डोळ्यांनी पाहणारा कोणी नसतो तेव्हाच्या पुराव्यासाठी, पाच कसोट्या घालून दिल्या. त्यातली पहिली 1973 च्या बोबडे निकालातून घेतलेली आहे: आरोपी दोषी ‘असू शकतो’ यावर शिक्षा होत नाही, तो दोषी ‘असलाच पाहिजे’ इथपर्यंत पुरावा जावा लागतो. बचावाचा सगळा युक्तिवाद या दोहोंमधल्या जागेत उभा असतो.

भावनेची भाषा कुठं चालते? शिक्षेवरच्या सुनावणीत. दोष सिद्ध झाला तर शिक्षा किती हे ठरवण्याआधी कोर्ट दोन्ही बाजू ऐकतं. तिथं वय, घरची माणसं, आधीचा गुन्हा नसणं, जखमीचा दवाखान्याचा खर्च भरण्याची तयारी, हे सगळं मनापासून मांडावं. जामिनाच्या वेळीही थोडंफार चालतं.

सरकारी वकिलांबद्दल एक गोष्ट. ते शिक्षा मिळवून देण्यासाठी नेमलेले नसतात. आरोपीच्या बाजूची गोष्ट कागदात असेल तर ती कोर्टापुढं आणणं हेही त्यांचं काम आहे. आणि तुम्ही म्हणता तो दणाणणारा आवाज फिर्यादीनं लावलेल्या खासगी वकिलाचा असेल, तर त्याला सरकारी वकिलाच्या हाताखाली मदत करता येते आणि कोर्टाच्या परवानगीनं लेखी युक्तिवाद देता येतो. खटला तो चालवू शकत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. आतापर्यंत झालेल्या साक्षींच्या नकला काढा. घरी निवांत बसून उलटतपासणीचा भाग वाचा. ‘हे खरे आहे की’ नं सुरू होणारी कामाची वाक्यं किती आहेत ते बघा. सगळी उलटतपासणी ‘हे म्हणणे खरे नाही की’ नंच भरलेली असेल तर काळजी करा. जबाबात नसलेल्या गोष्टी साक्षीदाराकडून नोंदवून घेतल्यात का ते तपासा. मग वकिलांकडे जा आणि आदरानं विचारा की बचाव काय आहे, डॉक्टरला आणि तपास अधिकाऱ्याला काय विचारणार आहात. जो वकील पाच मिनिटं बसवून नीट उत्तर देतो तो फुटलेला नसतो. फोन उचलत नसेल, तारखेला गैरहजर राहत असेल, कागद न वाचताच उभा राहत असेल, तर जरूर बदला, आवाज कितीही मोठा असला तरी. भाऊ जेलमध्ये असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा त्याला हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पण बदलायचं असेल तर लवकर बदला. झालेल्या साक्षीदाराला पुन्हा बोलवायचा अर्ज करता येतो, तो कोर्टाला न्यायासाठी गरजेचा वाटला तरच मंजूर होतो. नवा वकील आला, एवढं कारण पुरत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2015 मध्ये सांगितलंय.

सरकार पक्षाच्या साक्षी संपल्या की न्यायाधीश तुमच्या भावाला स्वतः प्रश्न विचारतील. जुने लोक त्याला अजून 313 चा जबाब म्हणतात, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 351 आहे. तिथं शपथ नसते. बहुतेक आरोपी शंभर प्रश्नांना ‘खोटे आहे’, ‘माहीत नाही’ म्हणून मोकळे होतात. काही खटल्यांत तेच योग्य असतं. पण बांधाचा जुना वाद, आधीचे तहसीलचे अर्ज, भावाला त्याच भांडणात लागलेला मार आणि त्याचा दवाखान्याचा कागद, असं काही असेल आणि बचाव त्या दिशेचा असेल, तर ते सांगायची त्याची स्वतःची जागा तीच आहे. त्या तारखेच्या आधी भावाला वकिलांसमोर बसवा आणि काय म्हणायचं ते त्याच्या रोजच्या बोलण्यातल्या शब्दांत ठरवून घ्या.